थाई तिखट, अमेरिकन तिखट आणि इचलकरंजीचे सासरे

चिंचोका

सासरे तीन महिन्यांसाठी इचलकरंजीहून आमच्याकडे आलेत. वय एकाहत्तर. आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं, न्याहारीला रोज भाकरी आणि ठेचा. अमेरिकेतल्या खाण्याबद्दलचं त्यांचं मत दुसऱ्याच दिवशी पक्कं झालं: "सगळं दवाखान्यातल्यागत लागतंय."

आम्ही राहतो न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, एल्महर्स्टला. एका अंगाला जॅक्सन हाइट्सची देशी दुकानं, दुसऱ्या अंगाला थाई वस्ती, त्यांचं बुद्धमंदिर, त्यांचे किराणावाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक थाई खानावळ आहे. खानावळच म्हणतो, कारण आठ टेबलं, प्लास्टिक चढवलेलं मेनूकार्ड आणि गल्ल्यामागे फळीवर गणपती. गणपतीपुढे लाल सरबताची बाटली, तिच्यात स्ट्रॉसुद्धा घातलेला. सासऱ्यांनी आत शिरताच हात जोडले आणि त्या क्षणी ही जागा पास झाली.

ऑर्डर घ्यायला विशीतला एक मुलगा आला. सासऱ्यांना त्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा फोटो आवडला, सोम तम. मुलाने विचारलं, तिखट किती, एक ते पाच? मी म्हटलं पाच. तो म्हणाला, अमेरिकन पाच की थाई पाच? मी सासऱ्यांना भाषांतर करून सांगितलं.

"त्याला म्हणावं इचलकरंजी पाच."

पोराने मान डोलावली, काहीतरी लिहून घेतलं आणि आमच्या तोंडाकडे बघून सरळ दोन नंबरचं तिखट पाठवून दिलं. आंबटगोड, छान होतं खरं तर. सासरे म्हणाले, "हे लग्नातल्या कोशिंबिरीगत आहे. जाळ कुठाय?"

मी परत बोलावून सांगितलं. या खेपेला पोरगा आला नाही, आतून मालकीणबाई आल्या. पन्नाशीच्या असतील, एप्रनला हात पुसत. त्यांनी एकते-पाच वगैरे काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, मिरच्या किती? सासऱ्यांनी दोन्ही पंजे दाखवले. बाई त्यांच्याकडे दोन सेकंद बघत राहिल्या आणि आत गेल्या. मग आतून खलबत्त्याचा आवाज आला. आपल्यासारखा टण् टण् नाही, टोक-टोक-टोक, लाकडाचा.

पहिला घास. काही नाही. दुसरा घास. "आत्ता कसं!" तिसऱ्या घासाला बोलणं थांबलं. चौथ्याला चष्मा काढून ठेवला. मग उचकी लागली. पाणी प्यायले, उचकी वाढली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. पण माणूस मागे हटायला तयार नाही, कारण समोर विहीणबाई, म्हणजे माझी आई, अगदी शांतपणे बघत होती.

मालकीणबाई पुन्हा आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. कच्च्या कोबीची मोठी फोड, काकडी आणि वेताच्या छोट्या टोपलीत चिकट भात त्यांच्यासमोर ठेवला, हाताने गोळा करून खायचा अभिनय करून दाखवला आणि गेल्या. बिलात त्याचे पैसे नव्हते.

तर प्रश्न असे. एक, रोज ठेचा खाणारा माणूस दहा मिरच्यांनी आडवा कसा झाला? दोन, अशा ठिकाणी नेमकं काय आणि कसं मागायचं, म्हणजे दोन नंबरही नको आणि रुग्णवाहिकाही नको? तीन, आई शाकाहारी आहे आणि ती बिचारी त्या दिवशी नुसता भात आणि शेंगदाणे खाऊन उठली. तिच्यासाठी काही आहे का?

---

सावजीभक्त

सासऱ्यांना आमच्याकडे नागपूरला पाठवा. सावजीचा रस्सा खाऊन मग बोला म्हणावं. कोल्हापूर-इचलकरंजीचं तिखट म्हणजे नुसता रंग असतो राजेहो, तर्री लाल आणि जीभ थंडी.

---

अण्णा_डोंबिवली

झालं, आला नागपूरकर. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

सुखुम्वितकर

अकरा वर्षं बँकॉकला आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमच्या मालकीणबाईंनी विचारलेला प्रश्न अस्सल आहे. इथे सोम तमच्या गाडीवर 'मध्यम', 'जहाल' असलं फारसं कुणी म्हणत नाही. मिरच्यांची संख्या सांगतात. दोन, तीन, फार तर पाच. बाई तेवढ्या मोजून खलात टाकते, लसणाबरोबर ठेचते, मग ताडगूळ, लिंबू, नाम पला, म्हणजे माशाचं खारट पाणी, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, सुकी कोळंबी, दाणे आणि शेवटी पपईचा कीस. खल मातीचा, बत्ता लाकडी, म्हणून तुम्हाला तो टोक-टोक ऐकू आला. पपई कुटायची नसते, नुसती दुखवायची असते. ती रस सोडते आणि रस आत घेते.

मिरची कुठली? फ्रिक खी नू. (फ आपला, ओठ मिटून म्हणायचा.) शब्दशः अर्थ उंदराची लेंडी. नाव ऐकून हसू नका, आपण आकारावरूनच लवंगी म्हणतो, त्यांना उंदीर आठवला. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल एककात ही ५० हजार ते १ लाखाच्या घरात जाते. अमेरिकेत ज्या हालापेन्योला तिखट म्हणतात ती अडीच ते आठ हजार. तेव्हा 'अमेरिकन पाच' आणि 'थाई पाच' हा भेद पोरगा उगाच करत नाही. त्याने कधीतरी परत आलेल्या ताटल्या पाहिलेल्या असतात.

शब्द पाठ करून ठेवा. फेत म्हणजे तिखट. माय फेत, तिखट नको. फेत नित नोय, किंचित. फेत माक, भरपूर. पण परक्या चेहऱ्याने फेत माक म्हटलं तरी पहिल्या खेपेला कुणी विश्वास ठेवत नाही, हे इथे बँकॉकातसुद्धा खरं आहे. मला पहिले सहा महिने माझ्या ऑफिसखालच्या बाईने लहान मुलाचं तिखट खायला घातलं. एके दिवशी मी टेबलावरच्या डब्यातली मिरची पूड स्वतःच घालून घेतली, तेव्हा कुठे तिने भुवया उडवल्या.

ते चार डबे बघितलेत ना? साखर, मिरचीपूड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि मिरच्या घातलेलं नाम पला. नूडल्सच्या वाडग्यात ज्याचं त्याने घालून घ्यायचं. नूडल्समध्ये साखर घालणारे थाई बघून मी हसायचो, आता मीही घालतो.

आणि मालकीण वयाने मोठी असेल तर 'पी' म्हणा. पी म्हणजे ताई किंवा दादा, दोन्हीला एकच. आईच्या वयापुढची असेल तर 'पा'. वेटर बाईला मॅडम म्हणून हाक मारणारा माणूस आणि पी म्हणणारा माणूस, यांच्या ताटात फरक पडतो. आपल्याकडे मावशी म्हटल्यावर आमटी घट्ट येते, तसंच.

---

प्रयोगशाळेतला_बेडूक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या गल्लीतलं आहे.

तिखट ही चव नाही, ती भाजल्याची खोटी बातमी आहे. मज्जातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाची एक घंटा असते. साधारण ४३ अंशांच्या पुढे गेलं की ती वाजते, म्हणजे 'पोळतंय' असा निरोप मेंदूला जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन तीच घंटा काही गरम नसतानाही वाजवतं. हे ज्यांनी उलगडलं त्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल (आर्डेम पाटापूटियान यांच्याबरोबर विभागून) मिळालं.

आता गंमत अशी की ही घंटा आम्लानेही हलते. कॅप्सेसिन आणि लिंबाचा रस एकत्र आले की आग एकमेकांना हात देते. सोम तममध्ये कच्ची मिरची, भरपूर लिंबू आणि तेलाचा थेंब नाही. तुमच्या सासऱ्यांच्या ठेच्यात मिरची तेलावर परतलेली, सोबत दाणे, आणि खाली ज्वारीची भाकरी. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. तेलात असलं की ते जिभेवर एकदम तुटून पडत नाही, हळूहळू उतरतं. म्हणजे सासरे रोज बैलगाडीतून जातात आणि त्या दिवशी त्यांना मोटरसायकलवर बसवलं.

पाणी प्यायल्याने आग पसरते, विझत नाही. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून नेतं. पण थाई टेबलावर दूध कुठून येणार, तिथे भात आणि कोबी. चिकट भाताचा गोळा जीभ पुसून काढतो. बाईंना विज्ञान येत असो-नसो, उपचार बरोबर केला.

उचकीबद्दल: तीही मिरचीचीच. अपमानाची नाही, असं सासऱ्यांना सांगा.

---

चिंचोका

बेडूकराव, वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मोटरसायकल वगैरे काही न्हाई. उपाशीपोटी होतो म्हणून झालं." विहीणबाईंनी लगेच आठवण करून दिली की निघण्याआधी घरी तीन चकल्या खाल्ल्या होत्या.

---

तुळसवृंदावन

माझा एक जुना सल. मुलाकडे सिडनीला गेले होते, तिथे थाई हॉटेलात 'होली बेसिल चिकन' मागवलं त्याने. मी विचारलं होली म्हणजे कुठली? वास घेतला तर आपली तुळस! कोंबडीत तुळस! मी त्या दिवशी जेवले नाही. आमच्या सासूबाई संध्याकाळनंतर तुळशीचं पान तोडू देत नसत, आणि इथे ती मूठभर कढईत.

---

सुखुम्वितकर

ताई, तुमचं नाक पक्कं आहे. कफ्राओ ती तुळसच, वनस्पतीशास्त्रानेही आपलीच. इथल्या माणसाला काय जेवू हे सुचलं नाही की तो फात कफ्राओ मागतो: लसूण-मिरची ठेचून, खिमा, मूठभर पानं, मोठा जाळ, भातावर कडांना कुरकुरीत तळलेलं अंडं. दीड मिनिटाचं काम.

पण परदेशात पुष्कळदा त्यात खरी तुळस नसते. होराफा घालतात, जांभळ्या देठाची, बडीशेपेच्या वासाची. ती आपल्या सब्ज्याच्या कुळातली. तेव्हा तुमच्या मुलाच्या पुढच्या वेळी निदान ही पळवाट आहे. इथले जुने लोक होराफा घातलेल्या पदार्थाला कफ्राओ म्हणायलाच तयार नसतात. त्यात ढोबळी मिरची, कांदा, बेबीकॉर्न घातले तर भांडणं होतात. आपल्याकडे मिसळीत काय असावं यावरून होतात त्याच जातीची.

---

तुळसवृंदावन

पळवाट ठेवून घेते. जेवणार मात्र नाहीच.

---

खारावलेली

मी मडगावची, आता टोरांटोला. हा धागा वाचून राहवेना.

मिरचीवरून कोल्हापूर, नागपूर, थायलंड सगळे भांडताहेत, पण पाचशे वर्षांपूर्वी यातल्या कुणाकडेच ती नव्हती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथ्यात, म्हणजे सयामच्या राजधानीत पोचला. अमेरिकेतली मिरची याच लोकांच्या गलबतांतून पुढच्या काळात पूर्वेकडे पसरली. त्याआधी आपण आणि ते दोघेही मिरीवर होतो. आपण नव्या पाहुणीला मिरीवरून मिरची नाव दिलं. थाई लोकांनी उलट केलं: फ्रिक हे नाव मिरचीलाच देऊन टाकलं आणि बिचाऱ्या मिरीला 'फ्रिक थाई', म्हणजे आमची थाई फ्रिक, म्हणायची वेळ आली. घरच्या सुनेला 'जुनी' म्हणावं तसं.

आणि त्यांच्या सोनेरी गोड पदार्थांत अंड्याच्या बलकाच्या शेवया असतात, फोय थोंग. त्याही पोर्तुगीज हातच्या. अयुथ्याच्या दरबारी मारिया गुयोमार द पिन्या नावाची एक बाई होती, पोर्तुगीज-जपानी-बंगाली अशा मिश्र रक्ताची. तिने हे पदार्थ तिथे रुजवले असं मानतात. आमच्या बेबिंकेत अंड्याचा बलक का एवढा, याचंही मूळ पोर्तुगीज स्वयंपाकघरात.

नाम पलाच्या वासाला नाकं मुरडणाऱ्यांना एकच सांगणं: सुकं बांगडं भाजताना शेजारी काय म्हणतात ते आठवा आणि गप्प जेवा.

---

वाचनमात्र

सहा वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. माझ्या मते पॅड थाई सोडून दुसरं काही खायची गरज नाही. हे थाई पोहे आहेत. कुणालाही चालतात.

---

सुखुम्वितकर

पहिल्याच प्रतिसादात ज्वालामुखी. स्वागत!

पोहे म्हणालात ते एका अर्थी बरोबर, पण हे पोहे सरकारने शिकवलेले आहेत. १९३९ साली सयामचं नाव बदलून थायलंड झालं. तेव्हाचा पंतप्रधान फिबून सोंगख्राम राष्ट्र घडवायच्या मागे होता: कपडे कसे, वंदन कसं, आणि खाणं कसं. त्या काळात तांदळाच्या नूडल्सना सरकारी उत्तेजन मिळालं. नूडल्स आणि परतायची पद्धत चिनी, नाव थाई. इथे लोक आवडीने खातात, पण रोज नाही. आणि त्यात तिखट नसतंच जवळपास, चिंच आणि गूळच पुढे. त्यामुळे पॅड थाई खाऊन 'मला थाई तिखट सोसतं' असं कुणी म्हणू नये.

परदेशात प्रत्येक मेनूवर तेच का, तर पुढे २००२ मध्ये थाई सरकारने जगभर थाई हॉटेलं वाढावीत म्हणून मोहीमच काढली. खाणं हा त्यांचा राजदूत आहे. आपला वडापाव अजून व्हिसाच्या रांगेत.

चिंचोका, तुमच्या मालकीणबाई चिकट भात टोपलीत देतात म्हणजे बहुतेक ईसानच्या, ईशान्येकडच्या. (शब्दही तोच, संस्कृतातल्या ईशानावरून आलेला.) मग मेनूवर लाब आणि नाम तोक, म्हणजे भाजलेल्या मांसाची कोशिंबीर, शोधा. लाब म्हणजे लिंबू, पुदिना, छोटे कांदे आणि मिरचीपूड घातलेला खिमा. त्यात भाजून भरडलेला तांदूळ असतो, खाओ खुआ. भाजणीचा वास ज्याच्या नाकात बसलाय त्या मराठी माणसाला तो पहिल्या घासात घरी नेतो. बाकी कशाने नेलं नाही मला.

सासऱ्यांना जाळच हवा असेल तर केंग पा, जंगलातली आमटी. नारळाचं दूध नाही, त्यामुळे मिरचीला आडोसा नाही. पण सोबत भात घेतात, आणि भात चमच्यानेच खातात. काटा डाव्या हातात, फक्त ढकलायला. तोंडात काटा घालणं म्हणजे आपल्याकडे पळीने आमटी पिण्यासारखं. चॉपस्टिक्स मागू नका, त्या नूडल्सच्या.

---

सावजीभक्त

केंग पा लिहून घेतलं. मार्चमध्ये बँकॉकला येतोय. दहा मिरच्या.

---

सुखुम्वितकर

या. कोबी आणून ठेवतो.

---

कांदालसूण_नको

तिसऱ्या प्रश्नावर कुणीच आलं नाही म्हणून मी.

थाई हॉटेलात 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर मांस काढतील, पण नाम पला राहील, ऑयस्टर सॉस राहील, आणि करीच्या वाटणात तर आधीच कोळंबीचा खर्डा कुटलेला असतो. लाल-हिरवी करी 'विथ टोफू' म्हणजे शाकाहारी असं धरून चालणारे माझे अर्धे नातेवाईक नकळत बाटलेत. सांगत नाही मी त्यांना.

नेमका शब्द आहे 'जे'. चिनी वळणाचं व्रत आहे ते: मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. वाचून मी नाचलेच होते. दरवर्षी नऊ दिवस पाळतात, पिवळ्या पताका लावतात. हे नऊ दिवस चांद्र महिन्यावर चालतात, त्यामुळे पुष्कळदा आपल्या शारदीय नवरात्राशी जुळतात. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला बसले. मी बँकॉकला त्याच वेळी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा परदेशात रस्त्यावर उभं राहून निर्धास्त खाल्लं.

तर आईंसाठी: 'जे' म्हणून बघा, बाईंना नक्की कळेल. कांदा-लसूण चालत असेल तर सोपं, नाम पलाऐवजी मीठ किंवा सोया सॉस घालून सोम तम करता येतं, सुकी कोळंबी वगळून. फक्त आधीच्या गिऱ्हाइकाचा खल धुवून घ्यायला सांगा. त्यात पला रा, म्हणजे मुरवलेल्या माशाचं ते काळपट पाणी, असू शकतं. आणि गोड म्हणून आंबा-चिकटभात. त्यावर नारळाचं खारट दूध आणि भाजलेली मूगडाळ. त्यात काही धोका नाही.

---

अण्णा_डोंबिवली

हापूसचा असेल तर बोला.

---

कांदालसूण_नको

अण्णा, त्या भाताला हापूस फार बोलका पडतो. त्यांचा नाम दोक माय आंबा लांबट, गोड, रेषा नसलेला, तोच बरोबर. एवढं बोलून मी पळते.

---

अण्णा_डोंबिवली

या आयडीवर बंदी घाला.

---

चिंचोका

काल पुन्हा गेलो. वृत्तांत देतो.

आधी गणपतीचं. सुखुम्वितकरांनी मला व्यनित, म्हणजे खाजगी निरोपात, सांगितलं होतं की तिथे त्याला फ्रा फिकनेत म्हणतात, बँकॉकात त्याची देवळं आहेत आणि लाल सरबत हा तिथला नेहमीचा नैवेद्य. मी गल्ल्याशी जाऊन फळीकडे बोट दाखवून म्हणालो, फ्रा फिकनेत. मग आमच्याकडे बोट दाखवून, बाप्पा. बाई जोरात हसल्या आणि आतल्या पोराला हाक मारून काहीतरी सांगितलं. तोच तो एकते-पाचवाला. भाचा आहे त्यांचा.

मी 'पी' म्हटलं. त्यांनी मला दुरुस्त केलं, 'पा'. म्हणजे वय मीच कमी धरलं होतं.

आईसाठी 'जे' म्हटलं. बाईंनी आईकडे बघितलं, मग हाताने नकार केला, थांबा अशी खूण केली, आणि खरोखर वेगळा छोटा खल आणून दाखवला, कोरडा, स्वच्छ. आईने त्या खलाला हात लावून पाहिला. तिच्या तोंडून निघालं, "दगडाचा नाही का?" आणि मग दोघी पाचएक मिनिटं एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत खलबत्त्यांबद्दल बोलत होत्या. आईने दुधी किसायच्या किसणीचा विषय काढल्याचं मला कळलं. बाई मात्र किसणी वापरत नाहीत. पपई तळहातावर धरायची, सुरीने उभे वार करायचे आणि वरचा थर सोलून काढायचा, की काड्या पडतात. आईने आज सकाळी घरी काकडीवर करून बघितलं. तळहात शाबूत आहे, काकडी नाही.

सासऱ्यांनी या वेळी तीन बोटं दाखवली. बाईंनी दोन दाखवली. सासऱ्यांनी तीनच धरून ठेवली. बाई म्हणाल्या, ओके पापा, थ्री.

तीन मिरच्यांचं सोम तम हा वेगळाच पदार्थ निघाला हो. मागच्या वेळच्या दहात लिंबू कुठे होतं, गूळ कुठे होता, काही कळलंच नव्हतं. यात आधी आंबट, मग ते खारट जे माशाचं आहे हे माहीत असूनही कळत नाही, मग दाणे, आणि तिखट मागून येऊन सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवतं. सासऱ्यांना कपाळावर घाम आला, उचकी नाही. शेवटी थाळीत उरलेलं पाणी त्यांनी चिकट भाताच्या गोळ्याने पुसून खाल्लं, आमटीत भाकरी कुस्करावी तसं. ते बघून बाईंनी आतून लाब पाठवला, न मागता. भाजणीचा वास खराच. सासरे म्हणाले, "ह्यात कुणीतरी थालीपीठ केलंय."

घरी येताना रस्त्यात म्हणाले, दहा मिरच्यांची परत एकदा चाचणी व्हायला पाहिजे, फक्त या खेपेला पोट भरून. बायकोने ऐकू न आल्यासारखं केलं.

---

खारावलेली

फोटो? लाबचा तरी?

---

चिंचोका

सगळे हातानेच जेवत होतो, फोन धरायला कुणाचा हात धुतलेला होता?

---

प्रयोगशाळेतला_बेडूक

मी जर्सी सिटीत आहे. या शनिवारी कट्टा होऊ शकतो का तिथे?

---

चिंचोका

होऊ शकतो, पण आठ टेबलं आहेत आणि संध्याकाळी सातनंतर थाई पोरापोरींची रांग असते. दुपारी साडेबाराला या, सहाच्या वर माणसं नकोत. रोख आणा, कार्ड घेत नाहीत. एल्महर्स्ट अॅव्हेन्यूला उतरा, आर गाडी. शनिवार-रविवारी गाड्यांची वेळापत्रकं बिघडलेली असतात, आधी बघून घ्या.

आत्तापर्यंत: मी, बायको, आई, सासरे, बेडूक. एक जागा शिल्लक.

---

वाचनमात्र

मी येतो. पॅड थाई मिळतं ना?